बिनतेलाची बाटली

"हात, तांडेल, हात!" बिवलकर सरांनी बाटली उजेडासमोर धरली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले. "या शास्त्रात डोकं नंतर लागतं. आधी हात स्वच्छ लागतात."

बाटलीतलं पाणी गढूळ झालं होतं. तेच व्हायला नको होतं.

आम्ही संस्थेच्या कोल्ड रूममध्ये उभे होतो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन आणि आत दोन-दोन स्वेटर, असा आमचा संसार. फळीवर माझ्या तीन बाटल्या होत्या. तिन्हींत खारं पाणी आणि अरबी समुद्राच्या तळातून, जवळजवळ तीन किलोमीटर खालून आणलेला चिमूटभर गाळ. पहिल्या बाटलीत कच्च्या तेलाचा एक थेंब. दुसरीत तेल नाही. तिसरीतही तेल नाही आणि तिच्यातला गाळ वाफेवर शिजवून पार मारून टाकलेला. पहिली बाटली गढूळ झाली आणि दुसरी निवळ राहिली, तर गाळातले जिवाणू तेल खाऊन वाढले असा अर्थ निघतो. माझी पीएच.डी. एवढ्यावर उभी होती.

ते जिवाणू तेल खातात हे खरंच आहे आणि पुढे ते माझ्याच हातून सिद्धही झालं. पण ही गोष्ट त्याची नाही. ही गोष्ट त्या दुसऱ्या बाटलीची आहे. मेली दर वेळी गढूळ व्हायची.

"सर, पण तिसरी बघा ना," मी म्हटलं. "तिसरी निवळ आहे. माझे हात घाण असते, पाणी घाण असतं, तर तिसरीही गढुळली असती. म्हणजे या गाळातच काहीतरी खाणं आहे. मेलेल्यांना ते खाता येत नाही, जिवंतांना येतं."

"गाळात खाणं?" सर हसले. "तिथे काय खानावळ आहे? तळाशी उपासमार असते. एक पेशी दोन व्हायला कधीकधी वर्षानुवर्षं घेते. तुझी बाटली बघ, भंडाऱ्याला बसल्यासारखी वाढली आहे."

"तेच म्हणतेय मी!"

"आवाज खाली." त्यांनी बाटली परत फळीवर ठेवली. "पुढच्या आठवड्यात सफरीची बैठक आहे. जहाजावर जागा थोड्या आहेत. मी अशा हातांची शिफारस करणार नाही."

ते गेले आणि मी तिथेच उभी राहिले. ती बाटली भिंतीवर फेकून मारावी असं इतकं वाटलं, की मी दोन्ही हात काखेत दाबून धरले. सफरीला गेले नाही तर नवा गाळ नाही. नवा गाळ नाही तर प्रबंध नाही. मग हर्णैला परत जाऊन मासळी बाजारात बसायचं, म्हणजे आईने पहिल्यापासून सांगितलं होतं तेच.

मी हर्णैची. बाबांची स्वतःची होडी होती. मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर डांबराच्या गोळ्या वाहून येतात. पायाला चिकटल्या की रॉकेलने पुसायच्या, जाळ्याला चिकटल्या की शिव्या द्यायच्या, ही आमची पद्धत. शाळेत असताना बाईंना विचारलं, की दरवर्षी एवढं डांबर येतं तर किनारा काळा कसा होत नाही? बाई म्हणाल्या, काहीतरी खात असेल. त्या बहुधा मला गप्प बसवायला म्हणाल्या असतील. पण मी त्या "काहीतरी"च्या मागे लागून इथवर आले होते.

आणि बिवलकर सरांकडे आले, कारण तळाच्या गाळातलं सरांइतकं कळणारं दुसरं कोणी नव्हतं. माणूस खडूस, पण शिकवायचा जीव ओतून. पिपेट कशी धरायची हे त्यांनी मला माझं मनगट धरून शिकवलं. एकच गोष्ट त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती, ती म्हणजे देवधर्म. खंडेनवमीला सगळ्या विभागांतल्या यंत्रांना झेंडूच्या माळा पडायच्या, आमच्या विभागात नाही. लिफ्टसमोरची गणपतीची तसबीरही त्यांनीच भांडून हलवायला लावली होती.

गेल्या दसऱ्याला आम्ही जहाजावर होतो. गाळ काढायचं यंत्र, त्याला कोरर म्हणतात, म्हणजे एक लांबलचक लोखंडी नळी. वर भलंमोठं वजन, खाली तोंडाशी धारदार कडं, त्याला कटर म्हणायचं. वायरवर सोडलं की स्वतःच्या भाराने तळात घुसतं आणि नळीभर गाळ घेऊन वर येतं. येतं म्हणजे यायला हवं. त्या ठिकाणी ते दोनदा रिकामं वर आलं होतं. एकेका खेपेला वायर खाली जाऊन वर यायला अर्धा दिवस जायचा, आणि वादळाचा इशारा आलेला. कप्तानाने सांगितलं, आता एकदाच, मग निघायचं.

खलाशांचे मुकादम, त्यांना सारंग म्हणतात, ते नारळ घेऊन आले. "साहेब, आज दसरा. मशीनपुढे एक फोडूया."

"नारळ भटारखान्यात द्या," सर म्हणाले. "चटणी तरी होईल."

सारंग नारळ घेऊन निघून गेले. मला वाईट वाटलं. मेसमधल्या तसबिरीपुढचं एक झेंडूचं फूल माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "सर, नुसतं फूल ठेवू का? वर, वजनापाशी. गाळाला लागणार नाही."

"तांडेल, ही तुझ्या बाबांची होडी नाही!"

सगळे हसले. मीही हसले, दुसरं करणार काय? फूल खिशात टाकलं, स्पिरिट घेतलं आणि माझं काम केलं. कटर आतून-बाहेरून पुसायचा, कोणाचाही कसलाही अंश गाळात जाऊ नये म्हणून. मी तो तीनदा पुसला आणि जेवायला गेले. जेवणानंतर यंत्र पाण्यात सोडलं आणि या वेळी ते काठोकाठ भरून आलं. डेकवर सगळ्यांनी आरोळ्या ठोकल्या. नळीतला गाळ भूगर्भवाल्यांनी नेला. त्यांचा मान मोठा. मला कटरमध्ये अडकून राहिलेला मिळाला. मी खूश होते, कारण तोच सगळ्यात खोलचा.

किनाऱ्याला आल्यावर सरांनी चहाच्या टेबलावर तो फुलाचा किस्सा डायरेक्टर मॅडमना रंगवून सांगितला. त्याला पुष्कळ हशा मिळाला.

आता वर्ष होत आलं होतं आणि माझ्या मागे हातांचं शुक्लकाष्ठ लागलं होतं. मी पाणी बदललं, मीठ बदललं, बुचं बदलली. बाटल्या इतक्या घासल्या की त्यांवरचे आकडे गेले. लोक सल्ले द्यायला टपलेलेच होते. कोणी म्हणे नखं काप, कोणी म्हणे केस बांध. एकीने तर तू मासे खाऊन येतेस का असं विचारलं. मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी कोल्ड रूममधून निघाले ती तडक रसायन विभागात गेले. तिथे नोएमी फुर्तादो होती. मडगावची, माझ्याच वयाची, तेलांचं पृथक्करण करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. फ्रीजरमध्ये मी मूळ गाळाची एक डबी न उघडता जपून ठेवली होती. ती तिच्यापुढे ठेवली.

"यात खाणं आहे," मी म्हटलं. "काय आहे ते शोध. माझा अंदाज जहाजावरचं ग्रीस."

"आणि काही नसलं तर?"

"तर मी हर्णैला जाते."

"नाटकं करू नको गो," नोएमी म्हणाली आणि डबी ठेवून घेतली.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिने मला बोलावलं. पडद्यावरच्या आलेखात उंच-बुटके सुळके दिसत होते आणि ती एकटीच हसत होती.

"ग्रीस नाही. हे बघ, हा सुळका. हा ओळखत नाही असा गोव्यात माणूस नाही. खोबरेल आहे हे, खोबरेल! तुझ्या गाळात खोबरेल तेल आहे."

"समुद्राच्या तळाशी?"

"थांब, पुढे ऐक. मला वाटलं कोणाच्या डोक्याचं पडलं असेल. पण गाळाला एका बाजूला लाल झाक होती, म्हणून धातू तपासून घेतले. शिसं निघालं. भरपूर. खोबरेल आणि शिसं, लाल रंगाचं. आमच्या घरी नसतं, पण तुमच्याकडे..."

"शेंदूर," मी म्हटलं.

मला इतका आनंद झाला की मी नोएमीला मिठी मारली. माझे हात स्वच्छ होते! दुसऱ्या बाटलीतले जिवाणू खोबरेलावर ताव मारत होते, बस. मी म्हणत होते तेच खरं होतं. मी अक्षरशः पळत सरांच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगितलं.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आणखी कोणाला सांगितलंस?"

"नोएमीने मॅडमना सांगितलंय. उद्या बैठकीत दाखवणार आहे ती."

"हं," सर म्हणाले. "जा तू आता."

शाबासकी नाही, माफी नाही, काही नाही. मी तणतणत बाहेर आले. चूक निघाली तर वर्षभर ऐकवायचं आणि बरोबर निघालं तर "जा तू"!

बैठकीला डायरेक्टर सावर्डेकर मॅडम होत्या, चार-पाच विभागप्रमुख होते, सर आणि मी. नोएमीने सुळके दाखवले, शिशाचं सांगितलं. भूगर्भवाल्यांचे प्रमुख खो-खो हसले. "तेल आणि शेंदूर! म्हणजे कोररचा मारुती केला की कोणीतरी!"

मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं की हसता हसता सगळे माझ्याकडे बघतायत.

"तांडेल," मॅडम हळूच म्हणाल्या. "त्या दिवशी फुलाचं तूच विचारलं होतंस ना?"

मला क्षणभर कळेचना त्या काय म्हणतायत. कळलं तेव्हा कानशिलं तापली.

"फुलाचं विचारलं होतं मॅडम. आणि ते मी खिशात ठेवलं. शेंदूर मी लावला नाही."

"कटर पुसायचं काम कोणाकडे होतं?"

"माझ्याकडे. म्हणजे मी पुसला ना तो! मीच पुसेन आणि मीच माखेन का?"

"अगं, रागावू नकोस." मॅडमचा आवाज आणखी मऊ झाला. "मी समजू शकते. वडिलांची होडी, लहानपणापासूनचे संस्कार. दोनदा यंत्र रिकामं आलेलं. मलासुद्धा मोह झाला असता. पण झालं ते मोकळेपणाने सांगावं. शास्त्रात तेवढंच लागतं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मऊ बोलण्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी म्हणजे कबुली असं समोरच्या प्रत्येकाला वाटलं. मला दिसत होतं ते त्यांच्या चेहऱ्यांवर. मी स्वतःच पुरावा शोधला, स्वतः नोएमीला कामाला लावलं, आणि तो उलटून माझ्याच अंगावर आला होता.

"मी नाही लावला!" मी टेबलावर हात आपटला. "सारंगांना विचारा, कोणालाही विचारा!"

"शेंदूर मी लावला," बिवलकर सर म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. सर खुर्चीत ताठ बसले होते, नजर टेबलावर.

मग भूगर्भवाले पुन्हा हसले, पण या वेळी हळू आणि मायेने. "बिवलकर आणि शेंदूर! अहो, लिफ्टसमोरचा गणपती काढलात तुम्ही."

"मी लावला," सर पुन्हा म्हणाले.

सावर्डेकर मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बिवलकर," त्या म्हणाल्या, "तुम्ही कडक आहात असं सगळे म्हणतात. आज कळलं कसे आहात ते. स्वतःच्या विद्यार्थिनीसाठी स्वतःच्या तत्त्वांवर डाग घ्यायचा, हे कोणी करत नाही. ठीक आहे. तुमच्या शब्दाखातर तांडेलला सफरीला घेऊ. मात्र डेकवर तिने कोररला हात लावायचा नाही. आतला गाळ तुम्ही स्वतः काढून तिला द्यायचा. चालेल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठक संपली, चहा आला. मी चहा न घेता बाहेर पडले आणि सर माझ्यामागून आले.

कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं. इतकी चिडले होते की गुरू-बिरू सगळं विसरले.

"सर, कोणी सांगितलं होतं खोटं बोलायला? मी मागितली होती मेहरबानी? मी लावला नाही म्हणजे नाही. आता तर सगळ्यांची खात्रीच पटली की मीच लावला आणि तुम्ही अंगावर घेतलंत!"

"खोटं?" सर म्हणाले.

त्यांचा चेहरा बघून मी थांबले.

"हिने पुडी दिली होती बॅगेत," ते म्हणाले. "आमच्या गावच्या मारुतीचा शेंदूर. दर सफरीला देते, मी दर सफरीला तशीच परत आणतो. डोक्याला लावायचं खोबरेल होतं. तुम्ही सगळे जेवायला गेला होतात. मी तळहातावर कालवलं आणि..." त्यांनी मधलं बोट वर केलं. "कटरच्या आतून लावलं."

"आतून?"

"बाहेरून लावलं असतं तर दिसलं असतं ना."

बाहेरून लावलं असतं तर ते कोणीतरी पुसलं असतं, मीच पुसलं असतं. या माणसाने लाज वाटली म्हणून ते नेमकं तिथे लावलं, जिथून माझा गाळ आला.

"आणि वर्षभर मला हात धुवायला लावलेत?"

"मला वाटलं, एवढ्या पाण्यातून खाली जाताना धुऊन गेलं असेल."

"वाटलं, की वाटून घेतलंत?"

सरांनी नजर जमिनीकडे वळवली. मग म्हणाले, "वाटून घेतलं." आणि एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि आला ना भरून! दोनदा रिकामा आला आणि नेमका त्या वेळी भरून आला! रिकामा आला असता तर मी तिथल्या तिथे सगळ्यांना सांगून टाकलं असतं. हसले असते लोक, संपलं असतं. भरून आल्यावर कोणाला सांगणार? काय म्हणून सांगणार?"

मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण त्यांना असं रडकुंडीला आलेलं पाहिलं नव्हतं. दया यायला हवी होती. मला आणखी राग आला.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"आत. परत सांगा. पुडीसकट, बोटासकट सगळं सांगा."

मला वाटलं नाही म्हणतील. पण सर निमूट वळले, दार ढकलून आत गेले आणि मी त्यांच्यामागे. आत सगळे बशीतल्या समोशांभोवती उभे होते. सरांनी घसा साफ केला आणि सांगितलं. बायकोने दिलेली पुडी, मारुतीचं गाव, खोबरेल, जेवणाची वेळ, कटरची आतली बाजू. काहीही गाळलं नाही. पोटतिडकीने सांगितलं, मधलं बोट वर करून दाखवलं. शेवटी म्हणाले, "तांडेलचे हात स्वच्छ आहेत. या संस्थेतले सगळ्यात स्वच्छ. घाण माझे होते. हे लिहून घ्या."

कोणी हसलं नाही. भूगर्भवाल्यांनी खाली मान घातली. मला वाटलं, झालं. सुटले.

सावर्डेकर मॅडमनी कप खाली ठेवला, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघतेस ना?" त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी घरच्या माणसालाही मध्ये आणलं त्यांनी. असा गुरू मिळायला नशीब लागतं. वाक, नमस्कार कर."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी जागची हलले नाही.

"नमस्कार कशाला?" सर जवळजवळ ओरडले. "तिने का करावा? मीच तिचा गुन्हेगार आहे!"

"हा तुमचा मोठेपणा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या हातात समोसा दिला.